किल्ली बाईंकडे होती

ती घटना आजही आठवते, आणि गेल्या दसऱ्यापासून जरा जास्तच. खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनात राहिला तो एक साधा चौकशीचा अर्ज. माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदारकीपर्यंत पोचलो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, नेमणूक उंब्रजच्या बाजूला होती.

हद्दीत एक साखर कारखाना होता. दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्यांचा अर्ज आला. कुणाचा ऊस कधी तुटणार, हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. ती यादी संगणकात होती आणि शेतकी विभागाच्या यंत्रांखेरीज कुठं दिसत नव्हती. तरी कुणीतरी तिच्यात हात घालून एकाचं शेत बरंच पुढं सरकवलं होतं.

खबर लगेच मिळाली. कारखान्यासमोरचा न्हावी म्हणाला, "साहेब, काट्यावरचा कारकून खुर्चीत बसून मेव्हण्याला सांगत हुता, तुझा ऊस पहिल्या आठवड्यात तुटतोय बघ. माझा वस्तरा गळ्यावर असताना माणूस खोटं बोलत न्हाई."

वजनकाट्यावरच्या त्या कारकुनाला ठाण्यात बोलावलं. मी आरोपीला आधी चहा देतो आणि गप्प बसतो. अर्धा कप व्हायच्या आत तो बोलला.

"चुकलं साहेब. मेव्हण्याचं शेत मीच वर घेतलं."

"यादी तुला दिसली कशी?"

"दसऱ्यानंतर आपोआप दिसायला लागली. आईची शपथ. मला वाटलं, बाईंनीच दिली असंल."

या बाई म्हणजे संगणक कक्ष सांभाळणाऱ्या. वय तिशीच्या आसपास, रोज उंब्रजहून एसटीनं यायच्या. कक्षाची किल्ली त्यांच्याकडेच. पुण्याहून यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. कक्षात काचेच्या कपाटात एक चपटी पेटी होती. सगळ्या खात्यांच्या वायरी तिच्यात यायच्या. तिला स्विच म्हणतात. त्यानं तपासलं आणि म्हणाला, "मी ठेवलेला पासवर्ड चालत नाही, कंपनीचा मूळचा चालतोय. पेटी डिफॉल्टवर गेलीय."

"मराठीत सांगा."

"कंपनीतून येते तेव्हा हिच्यात सगळ्यांना सगळीकडे वाट मोकळी असते. कुणी कुणाचं बघायचं नाही ते आम्ही नंतर ठरवतो. इथं बारीक भोक आहे. त्यात आत बटण आहे. ते दाबून धरलं की आमचं सगळं पुसतं आणि पेटी मूळपदावर येते. काम मात्र चालूच राहतं, म्हणून कुणाला कळलं नाही."

म्हणजे कक्षात शिरून कुणीतरी बटण दाबलं होतं. किल्ली कुणाकडे, तर बाईंकडे. मी जबाब घेतला. त्या रडल्या नाहीत.

"साहेब, सासरे पहिल्या दिवशीच म्हणाले होते, कारखान्यात बाईमाणसाचं काय काम. मी गेले तर दुसरी कुणी येईल. पण मला परत उंबऱ्याबाहेर कोण जाऊ देणार?"

"मग बटण कुणी दाबलं ते सांगा."

"ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

मला ते उलट उत्तर वाटलं. मी अहवाल लिहिला. कारकून आणि बाई, दोघांचं संगनमत. सही तेवढी राहिली होती. म्हटलं, जेवून येऊन करू.

घरी भाकरी खाताना समोर बायकोचं शिलाई मशीन होतं. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच होतं, आणि तेल घालायच्या भोकात जळक्या अगरबत्तीची काडी उभी.

"अगं, भोकात कशाला खोचलीस?"

"मग काय हातात धरून बसू? भोक दिसलं की खोचायची. सगळ्याच बायका खोचतात. तुमचं लक्ष कवा असतं?"

मी ताट तसंच ठेवून उठलो. मागनं ती म्हणाली, "आवं, भाकरी तर संपवा."

कक्षात गेलो. कपाटावर झेंडूचा वाळका हार, पेटीवर कुंकवाचं बोट. इंजिनिअरला म्हटलं, भोकात बॅटरी मार. आत बांबूच्या काडीचं टोक मोडून राहिलं होतं. म्हातारा शिपाई दारातच उभा होता.

"तात्या, पूजा कुणी केली?"

"म्याच की. दरसाल म्याच करतो. बाईंनी दार उघडून दिलं आन् त्या बाकीच्या मशिनींना हार घालाय गेल्या."

"अगरबत्ती कुठं लावली?"

"ह्या भोकात. लय बेस बसली. जरा दाबली तवा दिवं समदे एकदम लुकलुकले. मला वाटलं, देवी पावली."

इंजिनिअर खुर्चीत बसून हसायला लागला. मी हसलो नाही, माझ्या खिशात तो अहवाल होता. पंच बोलावले. इंजिनिअरनं पेटीतल्या वाटा पुन्हा बंद केल्या, पासवर्ड ठेवला. तात्यांनी नवी अगरबत्ती दाबून खोचली. दिवे लुकलुकले, पासवर्ड गेला. पंचनामा केला, काडीचं टोक पाकिटात घालून सील केलं. कारकुनाचं जे व्हायचं ते झालं. बाईंचं नाव मी अहवालातून काढलं आणि उंब्रजला जाऊन त्यांच्या सासऱ्यांना समोर बसून सगळं सांगितलं. तसा नियम नव्हता. मला जाणं भाग होतं.

रात्री बायकोला सांगितलं तर म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला ओरडू नका. त्यानं देवाचंच केलं." ओरडलो नाही.

या केसनं मला काय शिकवलं? इतकंच, की खात्यानं माझ्याही डोक्यात एक मूळची मांडणी बसवून दिली होती. किल्ली कुणाकडे ते बघ आणि त्याला धर. तीस वर्षं ती चालली, काम कुठं अडलं नाही, म्हणून मलाही कधी कळलं नाही. त्या दुपारी जेवायला घरी गेलो नसतो तर एका बाईचं दार मी कायमचं लावलं असतं.

बायको जाऊन वर्ष होत आलं. यंदा मशिनीची पूजा मीच केली. बाई आता त्याच कारखान्यातून निवृत्त झाल्यात. दसऱ्याला सोनं द्यायला आल्या. मशिनीच्या भोकातली काडी बघून थांबल्या.

"साहेब, इथं खोचलेली चालते का?"

"चालते," म्हटलं. "हिनंच जागा ठरवून दिलीय."