सानचं जेवण

सान आमच्या उपचारांच्या खोलीला पाठ दाखवून कधी बाहेर पडला नाही. निघताना वळायचा, आम्हाला कमरेत वाकून नमस्कार करायचा, मग रिकाम्या खाटेलाही. दोह्यातल्या एका फुटबॉल क्लबात मी फिजिओथेरपिस्ट होतो आणि तो जपानहून आलेला मिडफिल्डर. त्यांच्याकडे नावामागे आदरानं 'सान' लावतात, आपल्या 'राव'सारखं. त्याचं लांबलचक नाव कुणाला जमेना, म्हणून नुसतं 'सान' उरलं. अंगानंही लहानखुराच, मला मराठी माणसाला ते नाव शोभूनच दिसलं.

क्लबात तेव्हा बोलबाला होता ब्राझीलच्या स्ट्रायकरचा. स्टेडियमवर त्याचं दोन मजली पोस्टर. सान पास द्यायचा, हा गोल करायचा, आणि गॅलरी याच्या नावानं ओरडायची. "गोल सगळ्यांना दिसतो, पास ज्याला मिळतो त्यालाच," सान म्हणायचा, पण तक्रार म्हणून नव्हे.

एका सकाळी फाटकावरचे रत्नागिरीचे हमीदभाई धावत आले. "परेरा, बाहेर येऊन बघा! विमानानं बाया आल्यात, सानसाठी!" मी गेलो आणि थिजलोच. रणरणत्या उन्हात साठी उलटलेल्या जपानी बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या अंगात सानची जर्सी. ब्राझीलवाला सवयीनं पेन काढून पुढे झाला. पहिल्या बाईनं त्याच्या हातात आपला मोबाईल दिला आणि खुणेनं सांगितलं, आमचा सानबरोबर फोटो काढा. त्यानं मुकाट्यानं सगळ्यांचे फोटो काढले. सान शरमेनं लालबुंद. मग कळलं, त्याच्या बरोबरीचे खेळाडू युरोपातल्या मोठ्या क्लबांत होते, पण जपानात लोकांचा जीव याच्यावर. तिथे त्याला रस्त्यानं सुखानं चालता येत नसे.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता खेळणं नाही. मलाच हुंदका आला. सान म्हणाला, "पुढच्या सामन्यापर्यंत कुणाला सांगू नका. त्या बायका घरून निघाल्यात."

सामन्यात तो जर्सी घालून बाकावर बसला. नंतर फाटकावर जाऊन त्यांना स्वतःच सांगितलं. एकही बाई रडली नाही. सगळ्या वाकल्या, तोही वाकला, आणि आधी कुणीच वर होईना. शेवटी ब्राझीलवाल्यानं त्याला खांद्यांना धरून सरळ केलं. डोळे भरले होते ते या स्ट्रायकरचेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सान म्हणाला, "परेरा-सान, तुम्ही जेवता तिथे मला न्या." दोह्याच्या नजमा भागातल्या एका छोट्या कॅफेटेरियात आम्ही पराठा-अंडं मागवलं. वेटरनं विचारलं, "साब चायना से?" हा कोण आहे ते सांगायला मी उसळलो, तेवढ्यात सानने माझा हात दाबला. "यस, चायना," तो म्हणाला.

वेटर गेल्यावर सान मला म्हणाला, "शाळेच्या संघात खेळायचो तेव्हापासून मी जेवताना लोक बघतायत. आज कुणी बघत नाहीये."

चाहत्यांसमोर इतकं वाकणारा हा माणूस आतून किती थकला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानं मान खाली घालून, बोटं तेलकट करत पराठा संपवला आणि आणखी एक मागवला.