पेटी घेऊन दिवाळ्यापर्यंत

सकाळी सव्वासात वाजता खांदेश्वरहून बस पकडली. सोबत डबा, वही आणि कानात एका उद्योजकाचा आवाज. हा गृहस्थ उद्योगाविषयी पॉडकास्ट चालवतो. गेले आठ महिने मी ते रोज फिरताना ऐकतो आहे. नोकरीत यंत्रे दुरुस्त केली. स्वतःचे यंत्र करावे, हे याच्या बोलण्यावरून मनाने घेतले. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी कंपनी काढायची ठरवली: उन्हावर मासळी सुकवणाऱ्या पेट्यांची.

निघताना पत्नी म्हणाली, “अहो, कोळणींना विचारलंत का?”

विचारायलाच चाललो आहे, असे सांगितले. ते अर्धेच खरे होते. पंचवीस पेट्यांचा पत्रा कापायला घेऊ का, हे महाप्याच्या वर्कशॉपला पाच वाजेपर्यंत कळवायचे होते. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

महाप्याला नऊला पोहोचलो. वर्कशॉपचे मालक दत्ताशेठ मूळचे कोरेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. नमुन्याची पेटी त्यांनी पुसून ठेवली होती. वर पारदर्शक झाकण, आत जाळीचे चार ट्रे. काम चोख होते. पेटीपुढे नारळ फोडू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले.

पेटी टेम्पोत चढवली. बेलापूरच्या अलीकडे गतिरोधकावर गाडी उडाली आणि झाकणाचा कोपरा तडकला. चालक म्हणाला, “टेन्शन नको काका, नजर गेली समजा.”

दिवाळे गाव खाडीला लागून आहे. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मोकळ्या जागेत वलांडी (मासळी टांगण्यासाठी उभारलेली बांबूंची चौकट) होती आणि तिच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. तेथे हिराबाई भेटल्या. साठीच्या, बोलायला रोखठोक. पेटीचे गुण मी पंधरा मिनिटे सांगितले. धूळ नाही, माशी नाही, कावळा नाही. त्यांनी हात न थांबवता ऐकले, मग चार बोंबील ट्रेवर पसरले आणि झाकण लावले.

तासाभराने त्यांनी झाकण उघडले. बोंबील जाळीला चिकटले होते. एक उचलायला गेलो, तर त्याचे दोन तुकडे झाले.

हिराबाई म्हणाल्या, “बोंबलाला निजवून कोन सुकवतं, बाबा? त्याला टांगायचा. पानी गलून जातं.”

शेजारच्या बाईने सुचवले, “पेटी चांगली हाय. घरी न्या, पापड सुकवा.”

आजूबाजूच्या सगळ्या बाया हसल्या. हसण्यासारखेच होते. मी पेटी बाजूला ठेवली आणि काम शिकवायला सांगितले. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक असतात, बोटात रुततात. माझ्या पहिल्या सात जोड्या खाली पडल्या. आठवी टिकली.

दुपारी हिराबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण दिले. माझ्या डब्यातले थालीपीठ त्यांनी घेतले. जेवताना मी विचारले, या कामात त्रास कशाचा? इतका साधा प्रश्न मी आठ महिन्यांत कोणालाही विचारला नव्हता.

“अवेली पाऊस आला की सगला उतरवायचा. दोन बाया लागतात. तवा जी ती आपलाच माल उतरवते, मी एकटी हाय.”

जेवण झाल्यावर मी बांबूंची उंची आणि दोऱ्यांमधले अंतर मोजून वहीत लिहिले. त्याच वहीत, पहिल्या पानावर, त्या पॉडकास्टमधले एक वाक्य होते: माल दाखवण्याआधी गिऱ्हाइकाचे काम पाहा. खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. रेघा माझ्याच.

पाचला दहा मिनिटे असताना फोन केला. पत्रा कापू नका, असे सांगितले. दत्ताशेठनी विचारले,

“म्हणजे कंपनी रद्द का, साहेब?”

“रद्द नाही. वलांडीवर ओढता येईल असे छप्पर करायचे आहे. एका बाईच्या हाताने ओढले गेले पाहिजे. मापे उद्या देतो.”

पेटी हिराबाईंच्या ओसरीवर ठेवून परतीची बस धरली. कानात काही लावले नाही.

दार उघडताच पत्नीने नाकाला पदर लावला. “हाताला केवढा वास येतोय.”

“असू दे,” मी म्हणालो. “उद्या परत कोळणींकडे जायचे आहे.”