मावशीचा धवला आणि माझं वाह पेडल

गेल्या रविवारी चिंचणीला माझ्या मावसबहिणीची, नयनाची हळद होती. नवरीची बहीण म्हणून मी मिरवायला हवं होतं... आणि मी मांडवात उभी होते बेस गिटार गळ्यात अडकवून, अनवाणी.

आधी मावशीबद्दल सांगते. आमच्याकडे हळदीला धवले गातात. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती उचलतात. गावातल्या अर्ध्या मुलींना मावशीच्या धवल्यांवर हळद लागलीय. आणि नेमकं स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेलेला. माइक तोंडाशी धरला तरी नुसता वारा येतो.

नयना महाहट्टी. आई गाणार नसेल तर दुसरं कुणीच नको, मुक्यानं हळद लावा, असं सांगून मोकळी झाली. मावशी नुसती उठून आत गेली.

आता माझं खूळ. मी बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि सुट्टीला मित्रांच्या बँडमध्ये बेस वाजवते. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी चाललेला खर्ज, ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. मला त्याला बोलतं करायचं होतं, म्हणून वाह पेडल घ्यायचं डोक्यात बसलं. पायाखाली ठेवायची एक झुलती पट्टी असते. टाचेवर भार दिला की सूर ‘ऊ’ म्हणतो, चवड्यावर दिला की ‘आ’.

आधी मित्राचं पेडल आणून पाहिलं, साध्या गिटारचं. पण ‘आ’ म्हणायला गेलं की खर्जच गायब... डाळीचं नुसतं वरचं पाणी वाढल्यासारखं. मग बेससाठीच बनवलेलं शोधलं. ते खर्ज तसाच राहू देतं आणि त्याच्या वरचा सूर उघडतं-मिटतं.

दुकानदार म्हणाला, आपोआप चालणारंही आहे, पाय हलवायलाच नको. वाजवून पाहिलं. तार छेडली की ते स्वतःच तोंड उघडायचं आणि लगेच मिटायचं... थांबणं म्हणून ठाऊकच नाही त्याला. मी पायाचंच घेतलं. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

मावशी तपासणीला बोईसरला आली की आमच्याकडे उतरते. त्या दिवशी मी सराव करत होते आणि ती भाजी निवडत बसली होती. अचानक भाजी बाजूला सारून जवळ आली आणि पेडलकडे बोट दाखवत कुजबुजली, "बाय, हे तर बोलतं गो!"

मग माझ्यासमोर बसून तिने तोंड उघडलं. धवल्याची ओळ होती. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते, मान वरखाली होत होती. चाल मला लहानपणापासून पाठ. मी बोटांनी चाल धरली आणि पायाने तिचे ओठ. ओळ संपली तेव्हा तिने बोटानेच खूण केली... पुन्हा.

त्यानंतर ती येईल तेव्हा आम्ही सराव केला, नयनाला पत्ता लागू न देता.

फक्त एक घोळ झाला. घरी मी बूट घालून वाजवायचे. मांडवात पायात काही घालत नाहीत हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे, पण पेडल आणि मांडव यांची डोक्यात कधी गाठच पडली नाही! त्यात आमच्याकडे एकट्या नवरीवर भागत नाही. बायकांनी मला धरलं आणि तेलात कालवलेली हळद गालांना, हातांना, पावलांना चोपडली. हात कसेबसे पुसले. पाय राहिलेच.

मावशीने मान हलवली, मी तार छेडली आणि पाय सटकला. ‘आ’ची किंकाळीच निघाली. मागून कुणीतरी ओरडलं, "मशीन बिगडला वाटतं गो!" सगळा मांडव हसला.

मावशी नाही हसली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हळू. मी कुठं जात नाय."

मी पायाची बोटं वळवून पेडलची कड घट्ट पकडली. आता घाई करताच येईना. तिचा श्वास जेवढा लांब, तेवढाच माझा सूर लांब... ती ओठ मिटेपर्यंत पाय थांबून राहिला.

पहिली ओळ संपली. शब्द एकही कुणाला ऐकू गेला नव्हता. मग कोपऱ्यातून एका म्हातारीने ओळ उचलली... बरोबर तीच. तिच्यामागे सगळ्या. मावशीने दुसरी म्हटली, त्यांनी दुसरी उचलली. तिसरीही. एकदाही चूक नाही. मी चाट पडले. असं काही मी आजवर कुठल्याच स्टेजवर पाहिलेलं नाही.

पाटावर बसलेल्या नयनाने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईच्या ओठांकडे. आणि अशी रडली की गालांवरची हळद ओघळली.

तिला बघून माझी बोटंच थांबली. बेस बंद. पण मावशी थांबली नाही... तिचे ओठ हलत राहिले आणि पेडल नाही, सूर नाही, तरी बायका नुसतं तिच्याकडे बघत शेवटपर्यंत गात राहिल्या. मी तिथेच उभी राहून ऐकलं. ते ऐकायला मिळालं याचे आभार कुणाचे मानायचे, मला अजून कळलेलं नाही.

पेडलच्या काळ्या रबरावर माझ्या बोटांचे पिवळे ठसे आहेत. पुसावेसे वाटत नाहीत.

काल मावशीचा फोन आला. एरवी ती फोन करत नाही, आवाज पोचत नाही म्हणून. मी फोन कानाला गच्च लावला तेव्हा कुठे ऐकू आलं... "शेजारच्या पोरीची हळद हाय. आपल्याला बोलावलंय. येशील ना बाय? बूट नको आनू."