बाईचा तास

"माजं लिहिलं का गं?" असं विचारताना ती कागदाकडं नाही, माझ्या पेनाकडं बघायची. वाचता येत नव्हतं, पण पेन हललं की नाही हे तिला बरोबर कळायचं.

जामखेडच्या पुढं एका वस्तीवर ती राहायची. शेतात आणि गोठ्यात किती ऊर्जा खर्च होते, हे मोजायच्या एका प्रकल्पात मी माहिती गोळा करत होते. डिझेल किती, वीज किती, माणसं किती तास राबली. दर महिन्याला माझी एक चक्कर तिच्याकडं असे.

पहिल्या दिवशी उत्तरं तिच्या नवऱ्यानं दिली. बाईमाणसांचे तास विचारले, तर काका म्हणाले, "ती काय, घरीच असती." तेव्हा ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन आमच्या समोरूनच चालली होती. थांबली, हसली आणि पुढं गेली. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील.

विहिरीवरच्या मोटारीचं दुखणं तिनंच ओळखलं. "मोटर वरडती लई आन् पानी येतंय करंगळीयेवढं. फुटबॉल बगा." विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेला तिकडं फुटबॉल म्हणतात. काकांनी चार दिवस मनावर घेतलं नाही. मग पाइप वर काढला, तर झडपेत पालापाचोळा गच्च बसलेला. पिकाला पाणी द्यायचं पाच तासांचं भरणं तीन तासांवर आलं. "मीच काडलं शोधून," काका मला म्हणाले. ती चहा गाळत होती. तिनं माझ्याकडं बघून फक्त एक डोळा बारीक केला.

एकदा बोलता बोलता मी सांगून गेले, की आमच्या कोष्टकात बाईचा तास पुरुषाच्या तासापेक्षा कमी ऊर्जेचा धरतात.

"का गं? माजी पाटी हलकी असती व्हय?"



तिचे तास मोजायला मी एक अख्खा दिवस तिच्यामागं फिरले. गोठ्यातलं शेणकूर, धारा, वैरण कापून आणणं, तिची बारीक कुट्टी करणं, खुरपणी, पुन्हा धारा. चार गाई आणि ती एकटी. चढावर भारा घेऊन येताना ती मध्येच थांबायची, छातीवर हात ठेवायची. "दमले न्हाई गं, वारा खाती," म्हणायची. मी ते ऐकून घेतलं. भाऱ्याचं वजन तेवढं लिहिलं.

सोळा तास भरले. कार्यालयात आमचे साहेब म्हणाले, "इतके असूच शकत नाहीत. दुरुस्त करा." मी खोडून आठ केले.

पुढच्या महिन्यात तिनं विचारलं, "माजं लिहिलं का गं?"

"लिहिलं, मावशी."

"समदं?"

"समदं."

ती खुशीत आत गेली आणि माझ्यासाठी वाटीभर खरवस घेऊन आली. तो मी खाल्ला.

चैत्रात गेले, तेव्हा ती नव्हती. आठवडा झाला होता. काकांनी ओट्यावर बसून सांगितलं, "छातीत दुखतंय म्हनली. मी म्हनलं, बस जरा. तर म्हनली, येवढी कुट्टी उरकती. उरकली, आन् तितंच आडवी झाली."

गोठ्यात एकच गाय होती. "ती करायची ते काम दोन गडी लावले तरी उरकंना," काका म्हणाले. "तीन इकल्या. ही कुनाला हात लावू देत न्हाई."

धारेची वेळ झाली. काकांनी दांडीवरचं तिचं लुगडं काढलं, अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला. माझ्यासमोर त्यांना लाज वाटली नाही. गाईनं लुगडं हुंगलं, पदराचं टोक चाटलं आणि स्थिर उभी राहिली. काका उकिडवे बसले. पदराखाली त्यांचं तोंड दिसत नव्हतं. बादलीत धार वाजू लागली.