सुगीच्या टेबलावरचा धोंडा

किल्थॉर्पच्या चर्चमध्ये सुगीच्या रविवारी वेदीपुढच्या टेबलावर पाव, पेलाभर पाणी आणि कोळशाचा एक धोंडा मांडायची रीत होती. भोवती भोपळे, सफरचंदं, वाटाण्याचे डबे आणि बायकांनी बागेतून आणलेली डेलियाची फुलं. गावाच्या अंगावर शेत आणि पोटात खाण. जे निघालं ते देवापुढे ठेवायचं, यात कुणाला कधी वावगं वाटलं नव्हतं. खाण चालू होती तोवर धोंडा दरवर्षी नवा यायचा. मग खाण बंद पडली. तेव्हापासून एकच धोंडा, खाणीत माणसं-माल वरखाली नेणाऱ्या पाळण्याच्या शेवटच्या खेपेत वर आलेला, वर्षभर जुन्या टॉवेलात गुंडाळून चर्चच्या कपाटात निजायचा आणि सुगीला जागा व्हायचा.

तो शेवटचा पाळणा अँब्रोज वॉसनं वर ओढला होता.

जन्मभर त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. खाणीच्या तोंडाशी उंचावरच्या खोलीत एकट्यानं बसायचं, हाताखाली इंजिनाचा दांडा, समोर फिरतं चाक, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला अंधारात लोंबणारी माणसं. त्यांचे चेहरे त्याला दिसत नसत. वजन तेवढं हाताला कळे. दांडा एकदम खेचला तर खालच्यांचे गुडघे मोडतात. चालत्या गोष्टीला हळूहळूच थांबवावं, हे आधी त्याचे हात शिकले, आणि पुढे तेच त्याचं राजकारण झालं. मत कायम हुजूर पक्षाला. खाणकामगार असून हुजूर पक्ष, म्हणून पबमध्ये टोमणे बसायचे. तो म्हणायचा, ‘मला जपून ठेवायला आवडतं. यात लाजायचं काय?’

चाळीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या संपातही तो कामावर गेला. ‘संपावर मतदान घ्या. बहुमत झालं तर मीही तुमच्याबरोबर फाटकाशी बसतो,’ असं त्यानं सांगितलं होतं. मतदान झालं नाही. किल्थॉर्पमधले बरेच जण कामावर गेले, बाकीचे बाहेर बसले, आणि एकाच गल्लीत दोन गावं झाली. शेजारच्या घरातला सिरिल टाऊल शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा. तो त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. खाण पुढे बंद झाली ती दोघांचीही झाली. कामावर गेलेल्यांना कुणी वेगळं वागवलं नाही. हे अँब्रोजला आतून कुठंतरी लागलं होतं, पण ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि आता तीही नव्हती.

यंदा चर्चच्या छपरावर सौर पट्ट्या बसल्या. सुगीच्या रविवारच्या आधी रेव्हरंड फिलिपानं त्याला बोलावून घेतलं. ती या गावात नवीन होती, वयानं त्याच्या मुलीएवढी.

“मिस्टर वॉस, बसा ना.”

“उभाच बरा. बसलो की उठवत नाही.”

“रविवारी बिशप येतायत. पट्ट्यांना आशीर्वाद देतील. आणि त्याच वेळी वेदीपुढे कोळसा... तुम्हीच सांगा, कसं दिसेल?”

“काळं दिसेल. कोळसा आहे.”

ती हसली. बाई वाईट नव्हती. आजाऱ्यांना भेटायला पावसापाण्यात सायकलवरून जायची. “मागे दाराजवळ वेगळं टेबल मांडू. खाणीचे फोटो, दिवे, आणि मधोमध आपला धोंडा. मानानं.”

“म्हणजे अजबखान्यात.”

“तसं नाही हो.”

“पाद्रीबाई, तुमच्या पट्ट्यांवर माझा राग नाही. सूर्य देवाचाच आहे. पण ते बघा.” खिडकीतून शेतांपलीकडे कोळशावरच्या वीज केंद्राचे मनोरे दिसत होते. त्यांच्या डोक्यावर आता वाफ नव्हती. “ते बंद केलं. आता वारा पडला की परक्या देशाचा गॅस जहाजातून आणायचा. तो काय वाफ होऊन स्वर्गात जातो? आपला धूर पाप आणि दुसऱ्याचा पुण्य? आणि इथं म्हाताऱ्या माणसांनी बिलाच्या भीतीनं घरात कोट घालून बसायचं. जुनं छप्पर उतरवा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी दुसरं घर तर उभं करा.”

“आणि नातवंडांच्या वेळी समुद्र दारात आला, तर त्यांना काय सांगायचं?”

तो खिडकीपासून वळला.

“धोंडा वेदीपुढे नसेल तर मीही नसेन,” तो म्हणाला. “रविवारी विश्वस्ताचा दंड परत करतो.”

बिशप आले की हातात दंड घेऊन त्यांच्यापुढे चालायचा मान चर्चच्या विश्वस्ताचा. इतकी वर्षं तो अँब्रोजकडे होता, आणि म्हातारपणी त्याच्याकडे दुसरा कुठला मान उरलेला नव्हता. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. त्यानं कपाटातून टॉवेलासकट धोंडा काढला, बायकोच्या चाकांच्या पिशवीत घातला आणि घरी नेला.

शनिवारी दुपारी तीच पिशवी ओढत तो शेजारी सिरिलच्या विधवेकडे, आयव्ही टाऊलकडे गेला. सिरिल गेल्यावर त्या दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, कुंपणावरून, पावसापाण्याचं. आज त्याला गाऱ्हाणं सांगायला जुनं माणूस हवं होतं.

आयव्ही खुर्चीत कोट घालून, डोक्यावर लोकरी टोपी ओढून, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसली होती. यंदा गारठा लवकर उतरला होता आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती.

“हे काय?”

“घर तापवायचं ते नवं विजेचं यंत्र बंद पडलंय. माणूस सोमवारी येणार.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?”

“यंत्राला नाव ठेवू नकोस. वसंतात ते बसवलं तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझं न्हाणीघर उबदार झालं. बिघडलंय, इतकंच. माणसं नाही बिघडत? आणि लेकाच्या घरी जा म्हणशील, तर त्याचे जिने मला चढवत नाहीत. पिशवीत काय आणलंस?”

त्यानं टॉवेल सोडला. “याला चर्चमधून बाहेर काढलं.”

“आणि तू बाबागाडीत घालून गावभर मिरवतोयस.”

“थट्टा नको, आयव्ही. किल्थॉर्पचं एवढंच उरलंय.” तो कोट न काढताच पलंगाच्या कडेवर टेकला आणि बोलत सुटला. त्याच्या मनात केव्हाचं साचलेलं होतं. ‘दारं उघडी टाकून झोपायचो आपण. कुणी पडलं तर अख्खी गल्ली धावायची. काम होतं, बँडबाजा होता, घरोघरी शेगडी पेटलेली. कोण उपाशी नव्हतं, कोण गारठलेलं नव्हतं.’

“कोण गारठलेलं नव्हतं?”

आयव्हीनं आवाज चढवला नाही. म्हणूनच तो थांबला.

“संपाच्या हिवाळ्यात हीच शेगडी थंड होती,” ती भिंतीतल्या शेगडीकडे मान करून म्हणाली. “दोन्ही पोरं एका कांबळ्यात खोकत पडलेली.”

“मी तुमच्या मागच्या दाराशी कोळशाचं पोतं ठेवलं होतं.”

“ठेवलं होतंस.”

“सिरिलनं ते रस्त्यावर ओतलं. सगळ्यांदेखत.”

“ओतलं. मला विचारलं का त्यानं? पोरं वेचायला धावली तर त्यांना मारलं. मी खिडकीतून बघत होते. आणि तू तुझ्या खिडकीतून.”

“मग मी काय करायला हवं होतं? त्यानं माझं पोतं माझ्याच तोंडावर फेकलं.”

“त्यानं फेकलं. मी नाही. दुसरं पोतं आणलं नाहीस तू.” तिनं रबरी पिशवी छातीशी धरली. “त्याचं तत्त्व, तुझं तत्त्व. दोघं आपापलं तत्त्व पांघरून निजलात. मला कोळसा हवा होता रे, राजा.”

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. भिंतीवर सिरिलचा फोटो होता, लग्नातला, केस चापून बसवलेला. अँब्रोजनं त्याच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे. त्याला त्या दिवसाचा कोळसा दिसला, बर्फाच्या चिखलात विखुरलेला, आणि तो वेचणारी लहान लाल बोटं. ‘जुने चांगले दिवस’ म्हणताना हे त्यानं प्रत्येक वेळी बाजूला ठेवलं होतं.

“हातोडी आहे?” त्यानं विचारलं.

आयव्हीनं बोट दाखवलं. “जिन्याखाली. सिरिलचीच. पण विचार कर, म्हाताऱ्या. फुटला की परत जुळायचा नाही.”

“जाळायलाच वर काढला होता.”

त्यानं धोंडा परसातल्या पायरीवर ठेवला. पहिला घाव बसला तो चुकार, नुसती पूड उडाली. मग त्यानं बोटानं शीर चाचपली, हातोडी तिच्यावर धरली आणि मारली. धोंडा पुस्तकासारखा उघडला. बाहेरून इतक्या वर्षांच्या पुसण्यानं तो मळकट झाला होता; आत मात्र ओला वाटावा असा काळा चकाकत होता. तिथं आजवर कुणाची नजर पोचली नव्हती.

शेगडी पेटायला वेळ लागला. आधी पिवळट जाड धूर आला, आयव्ही खोकली, तिनं शिव्या घातल्या, आणि मग शेगडीनं जाळ धरला. खोलीत तो वास पसरला. दोघांच्याही आयांच्या एप्रनांना, सगळ्या गावाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना असायचा तो.

“त्या खुर्चीत बस,” ती म्हणाली.

“ती सिरिलची.”

“तो काही उठवायला येत नाही.”

तो बसला. मग आयव्हीनं टोपी काढली आणि शेगडीपुढे हात धरले. ऊब पुरेशी होती. अंधार पडायच्या सुमाराला तो उठला, तोवर निम्मा धोंडा राख झाला होता; उरलेला, जपून जाळला तर सोमवारपर्यंत पुरेल असा, त्यानं तिच्या बादलीत भरून ठेवला.

रविवारी सकाळी तो चर्चच्या दारात उभा होता. फिलिपा लगबगीनं आली. तिचा चेहरा भांडणाच्या तयारीत होता.

“धोंड्याची काळजी मिटली,” तो म्हणाला. “जाळला.”

“रागानं?”

“नाही. थंडीनं.” त्यानं आयव्हीच्या घराकडे मान हलवली. “ती गारठली होती.”

टेबल मांडून झालं होतं. पाव होता, पाणी होतं, आणि दोन्हींमध्ये बायकांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं जागा मोकळी सोडली होती. एकीच्या ते लक्षात आलं आणि ती भोपळा तिथं सरकवायला वाकली. फिलिपानं तिच्या हातावर हात ठेवला. “राहू द्या तसंच.”

बिशप टेबलापाशी थांबले. “इथलं काही राहिलंय का?”

“ते मी जाळलं,” पहिल्या बाकावरून आयव्ही खणखणीत म्हणाली. “फार छान ऊब होती, साहेब.”

कुणीतरी हसलं. बिशपांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहून मान लववली.

आता पट्ट्यांच्या आशीर्वादासाठी बिशपांच्या पुढे चालायचं होतं. दंड भिंतीला टेकून ठेवलेला होता, परत करायचा म्हणून. अँब्रोजनं तो उचलला. रात्री साबणानं घासूनही नखांतली काळी रेघ गेली नव्हती. त्यानं ती लपवली नाही. दंड सरळ धरून तो हळूहळू पुढे निघाला, माणसांना वर आणायचा तशा चालीनं.