मामांचा लेफ्ट बॅक

फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याला फारसं काही काम नसतं, असं मनापासून मानणारा गृहस्थ अख्ख्या गोव्यात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. फुटबॉलबद्दल मत नसलेला माणूस गोव्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, पण मामांचं मत सगळ्यांच्या उरफाटं. त्यांच्या लेखी गोल मारणारा म्हणजे वाढलेल्या पानावर आयता येऊन बसणारा पाहुणा. वाटण वाटणारे वेगळे, पाणी भरणारे वेगळे, त्यांचं नाव कोणी घेत नाही. "बॉल आयलो तेन्ना तो थंय उबो आसलो, इतलोच तेचो पराक्रम," असं म्हणून मामा मोठमोठ्या खेळाडूंना एका वाक्यात निकालात काढतात. त्यांच्याबरोबर टीव्हीवर सामना पाहणं ही शिक्षा आहे. घरातले सगळे गोल झाला म्हणून उड्या मारत असतात आणि हे शांतपणे विचारतात, "पण बॉल सुटलो कोणाकडसून?" मग तो गोल मागे मागे उसवत नेतात. ह्याला त्याने दिला, त्याला अमक्याने, असं करत करत मैदानाबाहेर गेलेला बॉल आत टाकणाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि गोलाचं सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकून चहा मागतात. तोवर दुसरा गोल होऊन गेलेला असतो.

मामा पार्से गावचे. त्याच बाजूच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. स्वतः ते कधीच खेळले नाहीत. पण संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लावलं की ते मैदानावर हजर. बॉलमध्ये हवा भरणं, लिंबं कापून ठेवणं, मुरगळलेल्या पायांना तेल चोळणं, सामन्याच्या दिवशी खेळाडूंची यादी नेऊन देणं, असली कोणाला नको असलेली कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. संघाचे शिक्षक बदलत राहिले, मुलं तर दर तीन वर्षांनी नवी. मामा तेवढे जागेवर. त्यामुळे त्या कॉलेजाच्या फुटबॉलचा सगळा इतिहास आज एकट्या मामांच्या डोक्यात आहे आणि तो त्यांनी आपल्या पद्धतीने उलटा लावून ठेवला आहे.

त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. तिच्यात एकाही गोल मारणाऱ्याला प्रवेश नाही. जे विसरले गेले तेवढेच त्यात, प्रत्येकाला दीड दीड पान. एका सामन्यात नऊ गोल खाल्लेला एक गोलकीपर त्यात आहे, कारण मामांच्या हिशेबाने दुसरा कोणी असता तर तेवीस झाले असते. तीन वर्षांत बॉलला जेमतेम पाय लावलेला एक बॅक आहे. तो दिसायलाच इतका दांडगा होता की समोरचे तिघे त्याच्यावर नजर ठेवण्यात गुंतून पडत आणि आपली पोरं मोकळी खेळत. हे सगळं मामा चहाच्या वेळी मांडून दाखवतात. सकाळी पाववाल्या पोदेराने दिलेले उंडे पाव म्हणजे बचावाची फळी, आणि पुढे काजूबिया म्हणजे गोल मारणारे. समजावून सांगणं रंगात येतं तोवर ऐकणाऱ्यांनी बिया फस्त केलेल्या असतात आणि टेबलावर फक्त उंडे शिल्लक राहतात. "बघलास? शेवटाक कोण उरले?" असं मामा विचारतात आणि आपण तोंडातली बी गिळून मान डोलावतो.

घरामागच्या काजूच्या बागेतल्या झाडांनाही त्यांनी ह्याच मंडळींची नावं दिली आहेत. लेफ्ट हाफावर मुंग्या चढल्या, गोलकीपराला यंदा मोहोर कमी, अशी भाषा त्या घरात रोज चालते. मामी एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "इतकी झाडां, पण माजा नाव एकाक तरी आसा काय विचार." मी विचारलं. मामा बराच वेळ विचार करून म्हणाले, "ती खेळ्ळी खंय?"

माझं लग्नसुद्धा ह्या खुळापायीच सोपं झालं. मुलगी बघायला गेलो तेव्हा वीजखात्यातल्या माझ्या नोकरीबद्दल सगळ्यांनी खोदखोदून विचारलं. मामांनी एकच प्रश्न केला, शाळेत कुठल्या जागेवर खेळत होता म्हणून. मी खरं ते सांगितलं, की मी राखीव होतो आणि तीन वर्षांत मला एकदाही मैदानात उतरवलं नाही. मामांचा चेहरा असा उजळला की बाकीच्यांनी पुढचे प्रश्न सोडून दिले. तेव्हापासून मी त्यांचा लाडका जावई.

लाडका झालो तरी दोन गोष्टींची उत्तरं मला कधी मिळाली नाहीत. एक म्हणजे मामा हरमलला पाऊल टाकत नसत. पार्शाहून हरमल ते किती लांब, पण बाजारातले मासे हरमलच्या होडीतले आहेत असं कळलं तरी ते पिशवी रिकामी घेऊन घरी येत. तिथली मासळी आपल्याला सोसत नाही म्हणत. दुसरी गोष्ट त्या वहीतली. एका पानावर "विश्राम, हरमल, लेफ्ट बॅक" एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली सगळं कोरं. एकदा मी त्या पानावर बोट ठेवलं, तर मामांनी वही मिटून मला बागेत नेलं आणि अर्धा तास खतावर बोलले.

यंदा कॉलेजाने नवं सभागृह बांधलं. त्यात लावायला म्हणून फुटबॉल संघाचा एक जुना फोटो मोठा करायचं ठरलं. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्या पोरांनी सगळ्या कॉलेजांमध्ये अजिंक्यपद मिळवलं होतं, एक शून्याने. तसं पुन्हा कधी झालं नाही. फोटोखाली अकरा जणांची नावं कोरायची होती, पण ती ओळखणार कोण? म्हणून हल्लीचे क्रीडाशिक्षक पार्शाला आले. मामांनी त्यांना दुपारभर बसवून अकराच्या अकरा जण ओळखून दिले, त्यांच्या सवयींसकट, आणि वर म्हणाले, "बारावा नाव घाला. विश्राम. हरमलचो." क्रीडाशिक्षक भला माणूस. त्याने विचारलं, "ते अंतिम सामना खेळले होते का?" मामा म्हणाले, नाही. "मग का नाही खेळले?" ह्यावर तोंडाचा पट्टा कधी न थांबणाऱ्या ह्या माणसाने नुसता चहा मागितला. क्रीडाशिक्षकांनी सांगितलं की कारण काही असेल तर लिहून द्या, आम्ही समितीपुढे ठेवू.

पुढचे आठ दिवस मामांनी जेवणात लक्ष घातलं नाही. शेवटी मामींनी मला डिचोलीहून बोलावून घेतलं. बागेतल्या धोंड्यावर बसून मामांनी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

विश्राम हा त्यांनी पाहिलेला सगळ्यात चांगला लेफ्ट बॅक. होडीवाल्याचा मुलगा. त्याच्या बाजूने बॉल पुढे जातच नसे, म्हणून त्याची आठवण कोणालाच नाही. "घडलाच ना काय, तर लोक याद कित्याची करतले?" मामा म्हणाले. अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी त्याचा घोटा मुरगळला. मामा रोज तेल चोळत होते. सूज उतरली होती, पण पाय शेवटपर्यंत तग धरेल की नाही हे सांगवेना. शिक्षकांनी निर्णय मामांवर टाकला, पाय तुम्ही बघितलाय, तुम्हीच ठरवा. आता आमच्याकडे माणसाला ठरवता आलं नाही की ते देवावर सोपवतात. सामन्याच्या सकाळी मामांनी गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर खेळवायचा, डावी पडली तर बसवायचा. एवढ्यात कोणाची तरी गाय देवळाच्या आवारात शिरली आणि गुरव तिला हाकायला बाहेर पळाला. इकडे पाकळी पडली. मामांनी पाहिली, डावी. बस सुटायची वेळ झालेली. ते तसेच धावत सुटले आणि मैदानावर जाऊन विश्रामला म्हणाले, "देवान डावो दिलो रे."

विश्रामने वाद घातला नाही. देवाला नमस्कार करावा तसा कपाळाला हात लावला आणि आपले बूट दुसऱ्या पोराला काढून दिले. त्या दुसऱ्याच्या बाजूला बॉल सामनाभर दोनतीनदा आला असेल. आज तो फोटोत पुढच्या रांगेत हसत बसला आहे. विश्राम मैदानाबाहेर ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत नाचला. पुढच्या वर्षी मामा त्याला बोलवायला गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "देवाक नाका तर हांव कशाक खेळू?" आणि बापाच्या होडीवर गेला. बॉलला त्याने पुन्हा पाय लावला नाही.

"पुढे तीन वर्सांनी माजां लगीन ठरतलां म्हणून कौल लावलो," मामा म्हणाले. पुन्हा तोच देव, तोच गुरव. पाकळी पडली आणि मामांचा चेहरा पडला. गुरव हसून म्हणाला, "तोंड कित्या वायट करतस? उजवो दिलो." मामा म्हणाले, अहो, डावी पडली. तेव्हा गुरवाने त्यांना समजावलं, की उजवा म्हणजे देवाचा उजवा बघायचा, आपला नव्हे. तो आपल्यासमोर तोंड करून बसलेला असतो.

इतकी साधी गोष्ट, पण आजवर कौल गुरवाने सांगायचा आणि ह्यांनी ऐकायचा. स्वतः बघायची वेळ त्या गायीमुळे एकदाच आली होती. स्वतःचं लग्न ठरल्याच्या दिवशी मामा देवळाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. मामींच्या माहेरी अजून समजतात की जावयाला आनंद आवरला नाही. मला हसू आलं आणि लगेच ते मावळलंही. इतकी वर्षं हे सगळं पोटात घेऊन हा माणूस विसरलेल्यांची वही लिहीत बसला होता.

मी म्हणालो, "मामा, समितीला लिहायच्या आधी विश्रामबाबना सांगायला हवं."

"म्हणूनच तुका बोलावलंय," ते म्हणाले. "एकट्यान माज्यान जावचा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून हरमलला नेलं. वाटेत त्यांनी मला तीन वेळा परत फिरायला सांगितलं आणि मी तिन्ही वेळा ऐकू न आल्याचं दाखवलं. विश्रामची होडी आता मुलगा बघतो. स्वतः त्याने घराच्या मागच्या बाजूला पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात पाइप घेऊन भाड्याच्या स्कूटरी धूत होता. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, पण पाय रोवून उभा राहण्याची ढब अशी की त्याच्या बाजूने पुढे जायचं माझ्याही मनात आलं नसतं. मामांना त्याने एका नजरेत ओळखलं. "भाई, तू?" म्हणत पाइप टाकून पुढे आला आणि खुर्च्या आणायला वळला. मामा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, गाय, बस, पाकळी, गुरव. फोटो आणि बारावं नावही सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माजी, विश्राम. तू खेळपाक जाय आसलो. हांवें तुजो खेळ बुडयलो."

पाइपातलं पाणी अंगणभर पसरत होतं. विश्राम ओरडेल, निदान दोन शब्द लागतील असे बोलेल, अशी माझी तयारी होती. तो मामांच्या आणखी जवळ आला. मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे देवान माका ना म्हणूक नासला?"

"ना रे. हो म्हटलेला."

"सारको बघलय तू? खंय पडली ती?"

मामा त्याच्या समोर, देवळात उभे राहावं तसे उभे राहिले. आपला डावा हात त्यांनी उचलला आणि सरळ पुढे नेऊन विश्रामच्या उजव्या खांद्यावर ठेवला. "हंय," ते म्हणाले. विश्रामने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं आणि वर आपला ओला हात ठेवून तो तिथेच दाबून धरला.

फोटोबद्दल, बाराव्या नावाबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही. घराकडे तोंड करून त्याने बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली, तेव्हा हा पंचावन्न वर्षांचा माणूस डोळे भरून तिला सांगत होता, "आयकलंस गो? देवान माका खेळूक सांगलेला."