टिक आणि ठक

माझे वडील, भय्याजी मेश्राम, यांना आपल्या कानाचा भारी गर्व. रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ते बत्तीस वर्षं फिटर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून सांगायचे, हे अजून आठवडाभर चालेल. रिटायर झाले आणि घरात बसून त्यांनी आमचं डोकं खाल्लं. मी घरूनच डेटा एन्ट्री करते. शेवटी वैतागून माझे दोन बिघडलेले कीबोर्ड, एक जुना आणि एक नवा, त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी एकेक स्विच खोलला आणि दुसऱ्या दिवशी मलाच शिकवायला बसले. "पाह्य, प्रेरणा, याच्यात दांडी सरळ खाली जाते अन् बुडाले आदळते, म्हणून ठक. याच्यात दांडीवर सुटा तुकडा आहे, तो मधातच झटक्यानं सुटते, म्हणून टिक. स्विचची डबी जाड असली का आवाज भारी." इतके खुश ते किती दिवसांत दिसले नव्हते. आमच्या बोरसी वस्तीतल्या ओळखीच्यांचे कीबोर्ड येऊ लागले.

शेजारच्या रेणूताई लोकांचे अर्ज टाइप करून देतात. त्यांचा कीबोर्ड दुरुस्त होऊन गेला आणि चार दिवसांत परत आला.

"काका, याची टिकटिक कुठं गेली? मुकाच झाला न हा!"

मी दाबून पाहिलं. सगळ्या की नुसत्या मऊ ठक करत होत्या. मिलच्या सवयीनं बाबांनी त्या सुट्या तुकड्यांनाही ग्रीस चोपडलं होतं. त्यांना हे कळू नये? मला रागच आला. त्यांना पाठमोरं बसवलं, आधी माझ्या टिकटिकणाऱ्या कीबोर्डची की दाबली, मग रेणूताईंच्या.

"टिक कोणती, सांगा."

त्यांनी मला दोन्ही पुन्हा दाबायला लावल्या. "दोन्ही सारख्याच वाजून राहिल्या."

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. मिलच्या गोंगाटात बारीक आवाज ऐकू येणं कित्येक वर्षांपूर्वीच गेलंय, म्हणाले, आणि ते परत येणार नाही.

घरी आल्यावर बाबा माझ्याकडे न बघता बोलले, "बोटाले झटका लागे. त्यालेच मी टिक समजून राहिलो होतो."

मला फार वाईट वाटलं. "मी जवळ बसत जाईन ना बाबा. दाबून सांगत जाईन."

"तुह्या कानानं काम करू? मंग मी कशाले पायजे?"

ते हत्यारं डब्यात भरू लागले. त्यांची समजूत घालावी असं खूप वाटलं, पण माझा आवाजही बारीकच; आतापर्यंत त्यातलं त्यांना किती ऐकू आलं असेल, कोण जाणे.